मे महिन्यातले पाच अंश

रायपूरच्या तात्यापारा चौकातल्या दिव्यांसाठी कोणती नदी तापली, हा प्रश्न विचित्र वाटेल. पण औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. उरलेली थोडी धुरांड्यातून आणि बरीचशी थंड करणाऱ्या पाण्यावाटे जाते. छत्तीसगडची मोठी केंद्रं कोरब्यात, खाणी आणि हसदेव नदीजवळ उभी राहिली ती उगीच नव्हे. सांडपाणी ज्या पाण्यात सोडायचं त्याच्यापेक्षा ते ५ अंशांहून अधिक गरम नसावं, असं आपलं सर्वसाधारण मानक सांगतं. माझा आक्षेप या मोजपट्टीवरच आहे. ती फरक मोजते. माशाला सोसावं लागतं ते एकूण तापमान. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. उलट पाणी दहा अंशांनी तापलं की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. जानेवारीत हेच पाच अंश खपून जातील; मे महिन्यात, नदी आधीच तिशी ओलांडून गेलेली असताना, ते जीवघेणे ठरू शकतात.

आपले रोहू-कटला उन्हाळ्याला सरावलेले आहेत, असं कुणी म्हणेल. आहेतच, पण उष्ण प्रदेशातले जीव बहुधा आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाशी जगतात, त्यांच्यापाशी शिल्लक थोडी. मोठा मासा पोहून दूर जाईल. अंडी, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या कुठे जाणार? दुसरं उत्तर कूलिंग टॉवरचं. नदी-तलावांचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना ते आधीच सक्तीचे होते, डिसेंबर २०१५मध्ये जुन्यांनाही लागू झाले. उपाय खरा आहे, मात्र टॉवर उष्णता हवेत सोडतो ती पाणी वाफवून, आणि उन्हाळ्यात रोडावलेली नदी लवकर तापते. तरी निवड करायचीच तर मी टॉवरच निवडेन.

तात्यापाऱ्यापासून जवळच्या बूढा तलावाशेजारी वीज केंद्र नाही, हिशोब मात्र तोच. उथळ पाणी, काठाचं काँक्रीट आणि तोडलेली सावली ऊन साठवतात. सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणूही उष्णतेत ऑक्सिजन झपाट्याने संपवतात. दुपारी शेवाळ प्रकाशात ऑक्सिजन सोडत असतं, म्हणून तेव्हाचा आकडा फसवा. रात्रभर सगळेच श्वास घेतात, नवा ऑक्सिजन जवळपास बनत नाही. तलावाची खरी नाडी पाहायची तर ती सूर्योदयाच्या आधी, तीही मे महिन्यात.