हाडाची परांची आणि खाडीचा ठोकताळा

भिवंडीजवळचे काल्हेर हे खाडीकाठचे गाव. आपल्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती! हे सांगणाऱ्या कोळ्याने समीकरणे सोडवलेली नसतात. त्याने शेकडो भरत्या पाहिलेल्या असतात. आज संगणकही असाच उदाहरणांवरून शिकतो. यालाच 'यंत्रशिक्षण' म्हणतात. त्याचा एक उपयोग पाहू.

हाडाचा मोठा तुकडा नष्ट झाला, तर ती पोकळी आपोआप भरून येत नाही. तेथे सच्छिद्र पदार्थाची 'परांची' बसवावी आणि तिच्या आधाराने नवे हाड वाढावे, अशी कल्पना आहे. पवईच्या आयआयटीतही अशा परांच्यांवर संशोधन झाले आहे. छिद्रांतून वाहणारा द्रव पेशींना अन्न व प्राणवायू पोचवतो. त्याचे घर्षण पेशींना हाड बनवण्याची सूचनाही देते. प्रवाह फार मंद असेल तर पेशी उपाशी राहतात. फार जोराचा असेल तर त्या निसटून जातात.

मग छिद्र केवढे ठेवावे? नळीचा व्यास निम्मा केला, तर त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा होतो, हे प्वाझय याच्या १८४० च्या सुमाराच्या प्रयोगांतून दिसले. पण परांचीतील छिद्रे म्हणजे सरळ नळ्या नव्हेत. ती जेमतेम मिलिमीटरच्या काही दशांशाची, वेडीवाकडी व एकमेकांना जोडलेली असतात. तेथे द्रवगतीची समीकरणे संगणकावर सोडवताना एकेका आकाराला कित्येक तास लागू शकतात. हजारो आकार तपासायचे कसे?

यासाठी शेकडो आकारांची उत्तरे समीकरणांनी काढून संगणकापुढे ठेवतात. आकार व प्रवाह यांचा संबंध तो त्यांतून शोधतो आणि नव्या आकाराचे उत्तर क्षणार्धात देतो.

ते खरे मानावे काय? पाऊणपटीचा ठोकताळा मुंबईच्या किनाऱ्यावर चालतो. काल्हेरला भरती उशिरा पोचते, कारण पाण्याला खाडीतून वर यावे लागते. शिकलेल्या उदाहरणांहून वेगळा आकार आला, की यंत्रही असेच फसू शकते, आणि फसल्याचे ते सांगेलच असे नाही. परांची तर रुग्णाच्या शरीरात बसवायची असते! म्हणून उत्तर नियमावर पारखायचे : जितका द्रव आत शिरला तितकाच बाहेर पडतो ना? आणि शेवटी प्रयोगशाळेत मोजून पाहायचे.

तुमच्या गावाजवळ खाडी असेल, तर मोठ्या माणसांना बरोबर घेऊन पंधरा दिवस भरतीची वेळ नोंदवा. पाऊणपटीहून ती किती मिनिटांनी पुढे जाते? तो फरक मिळवला, की तुमच्या गावाचा ठोकताळा तयार! मात्र तो दुसऱ्या गावाला लावण्यापूर्वी तेथेही मोजून पाहा.