सुतारपक्ष्याची तिन्हीसांज



सुतारपक्ष्याचें नांव काढतांच आपणांस ठकठक आठवते. परंतु आज मी सांगणार आहें तें त्याच्या घरच्या तिन्हीसांजेविषयीं. आणि त्या वेळीं तो मुळींच ठोकीत नसतो.

आमच्या परसांतील जुन्या आंब्याची एक वाळकी फांदी शेजाऱ्यांच्या कौलांवर ओणवली होती. गेल्या चैत्रांत ती उतरविण्याचें ठरलें. परवानगी मिळाली, माणूसही ठरला. आदल्या सायंकाळीं फांदी नीट पाहावी म्हणून मी झाडाखालीं उभा राहिलों, तों एका वाटोळ्या भोंकांतून बारीक घरघर ऐकूं आली. आंत पिलें होतीं.

थोड्याच वेळानें एक पक्षी येऊन भोंकाखालीं उभा चिकटला. पाठ सोनेरी पिवळी, कमर काळी, डोक्यावर तांबडा तुरा. हा सोनपाठी सुतार. लिनीयसनें १७५८ सालीं याचें शास्त्रीय वर्णन केलें. आमरायांत, नारळीच्या बागांत, फार काय शहरांतील रस्त्यांकडेच्या झाडांवरही तो दिसतो. त्याच्या पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें वळलेलीं असतात, आणि शेपटीचीं पिसें ताठ असतात. शेपटीचा टेकू देऊन तो उभ्या खोडावर निर्धास्त राहतो.

पण त्याची चोंच रिकामी होती. ‘बिचारा रित्या चोंचीनें परतला,’ असें मला वाटलें. तोंच त्यानें मान खालीं घातली, गळ्याला हिसके दिले, आणि पिलाच्या उघड्या तोंडांत आपली चोंच घातली. मुंग्या व त्यांचीं अंडीं गिळून आणावयाचीं आणि पिलाला ओकून भरवावयाचीं, ही या जातीची रीत. माझी समजूत चुकली होती. शिदोरी पोटांत होती.

नराचा सारा माथा तांबडा असतो. मादीच्या कपाळावर काळ्या रंगांत पांढरे ठिपके असून तांबडा तुरा मागील बाजूस असतो. एवढी खूण कळली कीं पाळ्या ओळखतां येतात. अंधार पडतांना मादीनें शेवटचा घांस दिला व ती उडून गेली. मग नर आला, भरवून झालें, आणि तो आंत शिरला तो बाहेर आलाच नाहीं. सुतारकुळांतील बहुतेक जातींत रात्रीं घरट्यांत राहण्याचें काम बापाकडेच असतें. म्हणजे पहाटे कुऱ्हाड पडली असती, तर पिलांबरोबर तोही सांपडला असता.

त्याच रात्रीं मी शेजाऱ्यांकडे गेलों. “मास्तर, फांदी पडली तर कौलें कोण भरून देणार?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलें, “मी देईन. परंतु हिशेब ऐका. अंडीं सुमारें अकरा दिवसांत फुटतात, पिलें सुमारें वीस दिवसांत उडतात. पाऊस येण्यापूर्वीं हें घर रिकामें होईल.” ते कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बरें, थांबूं या.”

पुढील पंधरवडा आम्ही दोघेही संध्याकाळीं खुर्च्या टाकून दूर बसत होतों. एके सकाळीं भोंक शांत झालें. मग कौलांवरचा शेंडा तेवढा उतरविला. भोंक असलेला बुडखा ठेवला. तो वायां गेला नाहीं. मैना, दयाळ, पिंगळा यांना लांकूड कोरतां येत नाहीं. सुतारानें सोडलेलीं घरें त्यांच्या उपयोगी पडतात. वाळलेलें लांकूड मेलेलें असतें, निरुपयोगी नव्हे.

म्हणून माझी विनंति एवढीच: वाळकी फांदी तोडण्यापूर्वीं एक तिन्हीसांज तिच्यापासून दूर उभे राहा. बत्ती मारूं नका, खोड ठोकूं नका. नुसतें पाहा, कोणी आंत जाऊन बाहेर येत नाहीं ना.