मागून ढकलणारी स्प्रिंग आणि साठ मिलिमीटरची लक्ष्मणरेषा

मेसच्या रांगेत पुढचा ताट घेऊन सरकला की मागचे सगळे आपोआप पुढे येतात. याचं श्रेय शिस्तीला नसून सगळ्यात मागे उभ्या असलेल्या, भुकेने कावलेल्या गड्याला असतं. दुकानातल्या फळीवर हेच काम करणाऱ्या वस्तूला पुशर म्हणतात. खाली एक पट्टी, तिच्यावर सरकणारा प्लास्टिकचा तळवा, तळव्याच्या पोटात गुंडाळलेली स्टीलची स्प्रिंग, दोन बाजूंना पातळ भिंती आणि पुढे एक ओठ. पुढची वस्तू उचलली की मागची लगेच तिच्या जागी हजर. दिसायला अगदी खेळणं, पण याचं माप ठरवायला बसलो की एसओएम, फ्रिक्शन आणि पायथागोरस असे तिघेही भेटायला येतात.

या यंत्राचं खरं माहेर म्हणजे अमेरिकेतल्या पेट्रोल पंपाला जोडलेल्या छोट्या दुकानांची काउंटरमागची भिंत. तिथे सिगारेटची पाकिटं ओळीने उभी असतात. विषय सिगारेटचा आहे म्हणून नाक मुरडू नका (रेक्टर सरांनीही पुढे वाचायला हरकत नाही, ओढायचा सल्ला कुठेच नाही). हे उदाहरण घेण्याचं कारण असं की पाकीट हलकं, चौकोनी, एकसारखं आणि महाग असतं; आणि त्याच्या फळीमागे पैसा आणि कायदा दोन्ही उभे असतात.

पैसा कसा, ते आधी बघू. १९९८ साली अमेरिकेतल्या ४६ राज्यांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी जो समझोता केला, त्यात रस्त्यावरची होर्डिंग्ज आणि बस-रेल्वेवरच्या जाहिराती बंद झाल्या. मग उरलं काय? दुकानाच्या आतली भिंत. कंपन्या दुकानदाराला सवलती देतात, पैसे देतात आणि त्या बदल्यात भिंतीवर मोक्याची जागा मागतात. एका ओळीचं जे तोंड गिऱ्हाइकाला दिसतं त्याला धंद्याच्या भाषेत फेसिंग म्हणतात. पाकीट मागे राहिलं आणि तोंडाशी काळं भोक दिसलं, तर माल असूनही तो नसल्यासारखाच. त्यात २०१० पासून तिथे गिऱ्हाइकाने स्वतः पाकीट उचलायला बहुतेक दुकानांत बंदी आहे, काउंटरवरच्या माणसानेच काढून द्यायचं. रांग लागलेली असताना तो आत हात घालून चाचपडत बसला तर झालंच.

आता मापं. नेहमीचं वीस सिगारेटचं किंग साइझ पाकीट साधारण ५५ मि.मी. रुंद, २३ मि.मी. जाड आणि ८८ मि.मी. उंच असतं. ते उभं ठेवलं की रुंदी समोर येते आणि जाडी खोलीच्या दिशेने जाते. बरेच जण कप्प्याचं माप फळीवरून काढतात: फळी इतकी लांब, ब्रँड इतके, भागा आणि मोकळे व्हा. इथेच गाडी घसरते. माप फळीवरून नाही, पाकिटावरून निघतं.

कसं ते बघा. कप्पा बरोबर ५५ चा ठेवला तर पाकीट घासणार, म्हणून थोडी मोकळीक द्यायलाच हवी. पण मोकळीक दिली की पाकीट तिरकं होतं. होस्टेलच्या टेबलाचा ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढा, तो तिरका होऊन दोन्ही बाजूंना दात रोवून बसतो; तेच दुखणं. पाकीट किती तिरकं होऊ शकतं? कप्पा ५७ चा असेल तर सुमारे पावणेसहा अंश. ५८ चा असेल तर नऊ. ५९ ला चौदाच्या वर. आणि मग येतो पायथागोरस. ५५ चा वर्ग ३०२५, २३ चा वर्ग ५२९, बेरीज ३५५४, वर्गमूळ ५९.६. हा झाला पाकिटाचा कर्ण. कप्पा यापेक्षा रुंद झाला की पाकिटाला अडवणारं कोणी उरत नाही, ते बिनधास्त आडवं फिरतं आणि गिऱ्हाइकाला तोंड दाखवायच्या ऐवजी कूस दाखवतं.

म्हणजे ५५ आणि ६० यांच्या मधल्या जेमतेम पाच मिलिमीटरांत सगळा खेळ आहे. ५७ ते ५८ ही माझ्या मते सुखाची जागा. साठ ही लक्ष्मणरेषा.

आणि ही रेषा प्रत्येक मालाची वेगळी. शंभर मिलिमीटर लांबीच्या सिगारेटचं पाकीट उंच असतं, पण रुंदीत फारसा फरक नसतो, त्यामुळे तिथे फक्त वरच्या फळीचं अंतर वाढवावं लागतं. बारीक सिगारेटचं पाकीट ५२ मि.मी. रुंदीचं आणि तेवढ्याच जाडीचं निघालं तर त्याचा कर्ण ५६.९. म्हणजे जो ५७.५ चा कप्पा नेहमीच्या पाकिटाला फिट बसतो, त्याच कप्प्यात हे पाकीट गरगर फिरेल. ओल्या तंबाखूच्या गोल डब्या ६५ ते ७० मि.मी. व्यासाच्या. गंमत म्हणजे त्यांना कर्णाची भानगडच नाही, वर्तुळ कुठूनही मोजा सारखंच. फक्त त्यांच्यासाठी केलेला सत्तरचा कप्पा ‘सगळ्यांना चालेल’ म्हणून पाकिटांच्या माथी मारला की घोटाळा झालाच. म्हणून भिंती सरकवता येतील असे पुशर थोडे महाग असले तरी मिश्र मालाच्या फळीवर तेच घ्यावेत. फळीभर एकच माल असेल तरच कायम मापाचे.

भिंती जाड घेऊन तरी काय होतं? कप्पा ५७.५ आणि भिंत २.५, म्हणजे प्रत्येक ओळीला ६० मि.मी. चार फुटी फळी १२१९ मि.मी. ची, तिच्यात वीस ओळी बसतात. कप्पा ६२ चा केला की ओळ ६४.५ ची, आणि ओळी अठरा. एका फळीवर दोन फेसिंग गेल्या, आठ फळ्यांवर सोळा. पाकिटं फिरतात ते वेगळंच.

खोलीचा हिशेब त्या मानाने सोपा, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. तिथे माल कार्टनमध्ये येतो आणि एका कार्टनमध्ये दहा पाकिटं असतात. ओळीत बरोबर दहाच मावत असतील तर ओळ पूर्ण रिकामी झाल्याशिवाय नवं कार्टन ओतता येत नाही. रिकामी होऊ द्यावी तर भोक दिसतं, आधी भरावं तर दोन पाकिटं हातात उरतात आणि कुठेतरी ड्रॉवरमध्ये पडून जुनी होतात. म्हणून बाराची जागा हवी. बारा गुणिले २३ म्हणजे २७६, पुशरचा तळवा आणि स्प्रिंगचा ड्रम यांना २५ धरा, झाले ३०१. बारा इंची फळी ३०५ ची. बसलं!

आता स्प्रिंग. इथे मेकॅनिकलवाल्यांनी सरसावून बसावं.

पाकिटाचं वजन २५ ग्रॅम धरू. बारा पाकिटं ३०० ग्रॅम, म्हणजे २.९४ न्यूटन. पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं पाकीट आणि खालची पट्टी यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला तर ओळ हलवायला ०.८८ न्यूटन लागतील. बाजूच्या भिंतींचं घासणं, धूळ वगैरे धरून दीडपट घ्या, म्हणजे साधारण १.३ ते १.४ न्यूटन.

कोणी म्हणेल, एवढ्यासाठी स्प्रिंग कशाला, फळी तिरकी करा! करून बघू. घर्षणांक ०.३ असेल तर पाकीट आपण होऊन घसरायला फळी जवळपास १७ अंश तिरकी हवी. म्हणजे ३०५ मि.मी. खोलीत मागची कड ९२ मि.मी. वर. पाकिटाची उंचीच ८८! शिवाय बारा पाकिटं असोत की एक, तिरकी फळी जेमतेम सरकवते, थोडी धूळ बसली की थांबली. गोल डब्यांना, बाटल्यांना उतार चालतो. पाकिटांसाठी पुशरच बरा.

मग साधी, पेनातली असते तशी दाबायची स्प्रिंग का नाही? व्हायवाला विचारण्याजोगा प्रश्न आहे. वरवर पाहता तीच बरोबर वाटते, कारण ओळ भरलेली असताना ती जास्त दाबली जाते आणि जास्त ढकलते. ओळ रिकामी होत आली की गरजही कमी आणि जोरही कमी. पण अडीचशे मिलिमीटर पसरणारी स्प्रिंग पूर्ण दाबली तरी काही जागा खातेच, आणि पसरली की मध्येच वाकून फुगते. म्हणून पुशरमध्ये वेगळीच स्प्रिंग असते: जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी आणि सोडली की पुन्हा गुंडाळणारी कागदी पुंगी आठवा. स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी जन्मतःच गुंडाळीच्या आकारात वाकवलेली असते. तिचं टोक पुढे अडकवायचं, ड्रम तळव्यात ठेवायचा. मागे ढकललं की पट्टी उलगडते, सोडलं की गुंडाळत पुढे येते.

गंमत म्हणजे तिचं बल जवळपास सारखंच राहतं, कितीही उलगडा. कारण सोपं आहे. प्रत्येक मिलिमीटर पुढे ओढताना तुम्ही नवीन एक मिलिमीटर पट्टी सरळ करता. आधीची सरळ झालेली पट्टी काही जादा मागत नाही. त्या मिलिमीटरची बेंडिंग एनर्जी म्हणजेच बल. सूत्र निघतं ते असं: यंगचा मॉड्युलस गुणिले पट्टीची रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले चोवीस गुणिले गुंडाळीच्या त्रिज्येचा वर्ग. स्टीलचा मॉड्युलस १९३ गिगापास्कल, रुंदी १० मि.मी., जाडी ०.०८, त्रिज्या ५.५ घाला, उत्तर १.३६ न्यूटन. आपल्याला हवं तेवढंच. जाडी ०.०८ ची ०.१० केली तर? घन आहे, विसरू नका: बल सरळ २.६६, म्हणजे जवळपास दुप्पट. केसापेक्षा बारीक फरकाने हे होतं, म्हणून जोर कमीजास्त करायचा तर पट्टीची रुंदी बदलणं जास्त शहाणपणाचं.

‘जोरदार स्प्रिंग घेऊन ठेवा, कुठेही चालेल’ असं ज्याला वाटतं त्याने शेवटच्या पाकिटाचा विचार करावा. ओळीत एकच पाकीट उरलं की त्याला सरकायला लागतात फक्त ०.०७ न्यूटन आणि मिळतात १.३६. अठरापट! आता ते पाकीट पुढच्या ओठावर आदळून उभं आहे. तळव्याचा जोर ओठाच्या वरच्या कडेपेक्षा समजा २० मि.मी. उंचावर लागला, तर पाकिटाला पुढे पालथं करणारा मोमेंट २७ न्यूटन-मिलिमीटर. त्याला धरून ठेवणारं काय? त्याचं स्वतःचं वजन गुणिले निम्मी जाडी, म्हणजे २.८. दसपटीचा सामना, पाकीट काउंटरवर कोलांटी मारणारच. म्हणून ओठाची उंची आणि तळव्याचा जोर लागण्याची उंची ही जोडीने बघायची: जोर ओठाच्या कडेच्या खालीच लागला पाहिजे. तळवा पट्टीत सैल बसून वरच्या बाजूने पुढे झुकत असेल तर कागदावरचा सगळा हिशेब फुकट. माझ्या मते निवडताना हा ढिलेपणा हाताने हलवून बघणं हे स्प्रिंगच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. फार जोर असला तर पाकिटाचे कोपरेही चेपतात, आणि चेपलेलं पाकीट तिकडे कोणी घेत नाही.

आता कायद्याकडे येऊ. पुशर चांगला चालला की भिंत सतत भरलेली, सगळी तोंडं एका रेषेत. म्हणजे माल ठेवायची फळी स्वतःच होर्डिंग होते, तेही चॉकलेट घ्यायला आलेल्या पोराच्या नजरेसमोर. हेच ओळखून २००१ मध्ये आइसलंडने, २००९ मध्ये आयर्लंडने दुकानात तंबाखू मांडून दाखवायलाच बंदी केली. इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांत एप्रिल २०१२ पासून आणि छोट्या दुकानांत एप्रिल २०१५ पासून पाकिटं झाकणामागे गेली. गिऱ्हाइकाने मागितल्यावर उघडायचं, तेही एका वेळी दीड चौरस मीटरपेक्षा जास्त नाही. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१२ पासून आणि ब्रिटनमध्ये मे २०१७ पासून सगळ्या पाकिटांचा रंग एकच मळकट तपकिरी, अक्षरंही सारखी.

तुम्हाला वाटेल आता पुशरचं काम संपलं. उलट! सगळी पाकिटं सारखी दिसायला लागल्यावर विक्रेता ब्रँड ओळखतो तो कप्प्याच्या जागेवरून, आणि झाकण उघडं ठेवायला वेळ कमी. पाकीट तोंडाशीच हवं. दाखवण्यासाठी आलेलं यंत्र आता शोधण्यासाठी उरलं, मापं मात्र तीच. आणखी एक मजा: युरोपियन युनियनच्या २०१४ च्या नियमांनी पाकिटावरची इशाऱ्याची चौकट किमान ५२ मि.मी. रुंद ठरवली. मग लिपस्टिकसारखी चिंचोळी पाकिटं बादच झाली आणि कप्प्याच्या रुंदीची खालची मर्यादा आरोग्य खात्याने ठरवून टाकली.

आपल्याकडच्या टपरीवर पुशर दिसत नाही, तिथे मालकाचा हातच पुशर. सुटी सिगारेट विकायची पद्धत असल्याने पाकिटामागे पाकीट उभं करायची गरजही फारशी नव्हती. महाराष्ट्रात सुट्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली. आणि २००३ च्या कोटपा कायद्याप्रमाणे कॉलेजपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री चालत नाही. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला टेप हातात असेलच, गेटपासून मोजून बघा.

मिनी प्रोजेक्ट करायचा असेल तर सिगारेटच्या वाटेला जायची गरज नाही. वर्कशॉपमधला व्हर्निअर घ्या, कोऑपरेटिव्ह स्टोअरमधल्या साबणाच्या आणि टूथपेस्टच्या खोक्यांची रुंदी-जाडी मोजा, कर्ण काढा. मग कप्पा रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त आणि कर्णापेक्षा नक्की कमी. टूथपेस्टचं खोकं उभं केलं तर रुंदी आणि जाडी जवळजवळ सारखी असते, त्यामुळे कर्ण रुंदीच्या चाळीस टक्के वर जातो आणि भरपूर मोकळीक मिळते. साबणाची चपटी वडी त्रास देईल, तिच्यापासून सुरुवात करा.