पियानो, इंग्रजी संभाषण आणि दुभाषी शिक्षक

वाद्य वाजविणें व परकी भाषा बोलणें या दोन विद्या वरवर पाहतां अगदीं भिन्न वाटतात. एकीचा संबंध बोटांशीं, दुसरीचा जिभेशीं. परंतु नुसत्या पुस्तकी ज्ञानानें दोहोंपैकीं एकहि साध्य होत नाहीं. व्याकरणाचे सर्व नियम मुखोद्गत असलेला विद्यार्थी परदेशी पाहुण्यासमोर उभा राहतांच मुका होतो. आणि स्वरलेखन बिनचूक वाचणारा नवशिका पियानोपुढें बसतांच अडखळतो. ज्ञान डोक्यांत असतें, पण तें जिभेवर व बोटांत उतरलेलें नसतें. तें उतरविणें हें खासगी शिक्षकाचें काम. तो शिक्षक विद्यार्थ्याची मातृभाषा व इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम जाणणारा असेल, तर दोन्ही विद्या एकाच बैठकींत शिकवितां येतात. मात्र कोणती भाषा केव्हां वापरावी, हा विवेक त्याच्या ठायीं असावा लागतो.

या जोडविद्येचें एक बोलकें उदाहरण जपानच्या इतिहासांत सांपडतें. १८७१ सालीं जपान सरकारनें पांच मुलींना शिक्षणासाठीं अमेरिकेस पाठविलें. त्यांपैकीं नागाई शिगेको या तेव्हां सुमारें दहा वर्षांच्या होत्या. कनेक्टिकट संस्थानांतील एका कुटुंबांत त्या वाढल्या, व्हासर कॉलेजांत संगीत शिकल्या आणि १८८१ मध्यें मायदेशीं परतल्या. टोकियोंत १८७९ सालीं सरकारी संगीतसंस्था निघाली होती. तेथें १८८२ सालीं त्या पियानोच्या शिक्षिका झाल्या. पुढील आयुष्यांत संगीत आणि इंग्रजी हेच त्यांच्या अध्यापनाचे विषय राहिले. त्यांच्या विद्यार्थिनी कोदा नोबु यांना सरकारनें १८८९ सालीं संगीताच्या उच्च शिक्षणासाठीं परदेशीं पाठविलें.

हे दोन विषय एकमेकांस पोषक कां ठरतात, हें समजण्यासाठीं प्रथम वाद्याकडे पाहिलें पाहिजे. मराठी घरांना हार्मोनियम परिचित आहे. पियानोच्या पट्ट्यांची मांडणी तशीच, प्रत्येक सप्तकांत सात पांढऱ्या व पांच काळ्या. पूर्ण आकाराच्या आधुनिक पियानोंत एकूण ८८. पण आंतील रचना निराळी. हार्मोनियमांत भात्याच्या हवेनें पितळेच्या बारीक जिभा कंप पावतात. पियानोंत पट्टी दाबली कीं नमद्यानें मढविलेली हातोडी तारेवर आघात करून तत्काळ मागें सरते. आवाज मृदु कीं मोठा, हें बोटाच्या आघातावर ठरतें. इटलींतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें सुमारें १७०० सालीं हें वाद्य घडविलें. त्याच्या पियानोफोर्ते या नांवाचा अर्थच मुळीं ‘मृदु आणि जोरकस’ असा आहे. हार्मोनियमवर बसलेल्या हाताला स्वर सांपडतात, पण आघाताचें तारतम्य त्याला नव्यानें शिकावें लागतें.

इंग्रजी बोलतांना नेमकी हीच अडचण येते. मराठींत एखाद्या अक्षरावर कमीअधिक जोर दिल्यानें शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाहीं. इंग्रजींत ‘रेकॉर्ड’ या शब्दाच्या पहिल्या भागावर जोर दिला तर तें नाम होतें, दुसऱ्या भागावर दिला तर क्रियापद. सर्व अक्षरें सारख्याच जोरानें उच्चारणाऱ्याचें इंग्रजी व्याकरणशुद्ध असूनहि ऐकणारा गोंधळतो. सर्व पट्ट्या सारख्याच जोरानें दाबणाऱ्याचें वादनहि असेंच सपाट होतें. जाणता शिक्षक एकीकडची समजूत दुसरीकडे नेतो. एक इंग्रजी वाक्य तो प्रथम टाळीच्या ठेक्यावर म्हणवून घेतो, तोच ठेका एका पट्टीवर मृदु-तीव्र आघातांनीं वाजवून घेतो आणि मग तें वाक्य पुन्हां बोलावयास लावतो. कान एकदां जागा झाला कीं जीभ आणि बोट दोन्ही सुधारतात.

तासाची घडी साधारणतः अशी बसवितां येते. आरंभीं कांहीं मिनिटें इंग्रजींत साधें बोलणें: काल काय वाजविलें, कोठें अडलें. नंतर वादन. त्या वेळच्या ‘पुन्हां एकदां’, ‘हळू’, ‘आतां डावा हात’ अशा नेहमींच्या सूचना इंग्रजींतच द्याव्यात. त्यांचा अर्थ शब्दकोश न उघडतां हात हलवूनच कळतो, आणि कृतींतून कळलेला शब्द सहसा विसरत नाहीं. मनगट ताठ कां होतें, खांदा कसा सैल सोडावा, हें मात्र मातृभाषेंत समजावावें. तेथें इंग्रजीचा हट्ट धरला तर भाषाहि चुकते आणि हातहि बिघडतो. शेवटच्या संभाषणांत पथ्य नेमकें उलट. प्रत्येक वाक्याचें भाषांतर करून देणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या हातीं कायमची कुबडी देतो. तसेंच बोलणाऱ्याला मध्येंच तोडूं नये. वाक्य पुरें होऊं द्यावें, मग शुद्ध रूप सहज उच्चारून दाखवावें.

जपानी व्हायोलिनशिक्षक सुझुकी शिनिची (१८९८–१९९८) यांनीं मूल मातृभाषा कसें शिकतें, याच निरीक्षणावर आपली संगीतशिक्षणपद्धति उभारली. मूल आधीं पुष्कळ ऐकतें, मग तेंच तें पुनःपुन्हां बोलतें, घरचीं माणसें कौतुक करतात. वाचन फार मागाहून येतें. म्हणून रोजचीं वीस मिनिटें आठवड्यांतील एका लांबलचक बैठकीपेक्षां अधिक फळ देतात. ‘पी हळद अन् हो गोरी’ हा उतावीळपणा येथें चालत नाहीं.

परंतु पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शिगेकोंबरोबर गेलेल्या त्सुदा उमेको निघतांना अवघ्या सहा वर्षांच्या होत्या. १८८२ सालीं परतल्या तेव्हां त्या मातृभाषा विसरल्या होत्या. ज्या घरांत जन्म झाला त्या घरांतील माणसांशीं बोलण्यासाठीं त्यांना जपानी नव्यानें शिकावें लागलें. पुढें १९०० सालीं त्यांनीं टोकियोंत मुलींसाठीं इंग्रजीचें विद्यालय काढलें आणि मोठें कार्य केलें. तथापि परकी भाषा कमावतांना घरची भाषा गमावणें ही किंमत फार जबर होय, आणि ती देण्याचें कांहीं कारणहि नाहीं. दुभाषी शिक्षकाचें खरें मोल येथेंच आहे; त्याच्या उदाहरणावरून मुलाला दिसतें कीं एक भाषा येण्यासाठीं दुसरी टाकावी लागत नाहीं.

तेव्हां शिक्षकाची परीक्षा प्रशस्तिपत्रांवरून करूं नये. सहा महिन्यांनंतर आपण काय वाजविलें हें मुलगी पाहुण्यास इंग्रजींत न बिचकतां सांगते काय, आणि तेंच आजीला मराठींत गोडीनें समजावते काय, एवढें पाहावें. दोन्ही जमत असेल, तर शिक्षक योग्य मिळाला असें खुशाल समजावें.