काचेवरचा डिंक आणि ट्रॉलीच्या पाठीवरचे रेडियम

ऊस विकास अधिकारी यांजकडून



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, लागणीची तारीख, खोडव्यातील पाचट यांबद्दल लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. गाडीच्या काचेवरची काळी फिल्म किंवा रंगावरचे स्टिकर काढल्यावर जो डिंक मागे राहतो, तो काढायचा कसा, हे सांगायचे आहे. ऊस विकास खात्याला यात नाक खुपसायचे काय कारण, असे कोणी म्हणेल. कारण आहे, तेच आधी सांगतो.

गेल्या हंगामात जानेवारीतल्या एका रात्री आम्ही गट ऑफिसहून परत येत होतो. खात्याने भाड्याने घेतलेली जीप होती. तिच्या समोरच्या काचेला पूर्वी काळी फिल्म होती. मालकाने पोलिसांच्या धास्तीने ती हाताने ओढून काढली, पण डिंक तसाच राहिला. दिवसा तो फारसा जाणवत नसे. त्या रात्री समोरून ट्रक आला, त्याचे दिवे काचेवर पडले आणि सगळी काच दुधासारखी पांढरी झाली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, काय दिसंना झालंय!" त्याने वेग कमी केला म्हणून बरे. ट्रक निघून गेला आणि पुढे पंधरा-वीस फुटांवर उसाने भरलेली ट्रॉली उभी दिसली. चाक पंक्चर, ट्रॅक्टरवाला मदत आणायला गेलेला. ब्रेक लागला आणि आम्ही वाचलो.

उतरून ट्रॉलीची पाठ पाहिली. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याने लावलेली रेडियमची पट्टी तिथे नव्हती. जुन्या पट्टीचा काळा डिंक होता, त्यावर धूळ, त्यावर नव्या पट्टीचा एक तुकडा लोंबत होता. म्हणजे एक डिंक आमच्या डोळ्यांपुढे, दुसरा ट्रॉलीच्या पाठीवर. दोन्ही वेळेवर काढले असते तर हा प्रसंग आला नसता. म्हणून हा लेख, आणि तो गळीत सुरू होण्याआधी.

हा डिंक आपल्या ओळखीच्या डिंकासारखा नाही. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, वाळला की कडक होतो. काकवी सांडली तर पाण्याने धुऊन जाते. फिल्म आणि स्टिकरमागचा डिंक ऍक्रिलिक जातीचा असतो. तो वाळून चिकटत नाही, दाबून चिकटतो, आणि वर्षानुवर्षे आतून मऊच राहतो. पाण्याला तो दाद देत नाही. तो फणसाच्या चिकाच्या स्वभावाचा आहे. फणस कापणारा हाताला आधी तेल लावतो, कारण चीक तेलाने सुटतो, पाण्याने नाही. एवढे ध्यानात ठेवले तर अर्धे काम झाले.

मग फिल्म निघते आणि डिंक का राहतो? उन्हाने. फिल्मचे प्लास्टिक उन्हात वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होते, तिचा रंग जांभळट पडतो, फुगे येतात. तिकडे डिंक मात्र काचेच्या किंवा रंगाच्या बारीक खाचांत शिरून पक्का धरून बसतो. अशा वेळी जोराने हिसका दिला की प्लास्टिक फाटते आणि डिंक जागेवर राहतो. म्हणून डिंक काढायची पहिली पायरी म्हणजे तो मागे न राहील अशी फिल्म काढणे. गाडी दुपारी तास-दोन तास उन्हात उभी करावी. घरात केस वाळवायचे यंत्र असेल तर त्याची ऊब द्यावी. उबेने डिंक ढिला होतो. मग कोपरा नखाने उचलून, फिल्म तिच्याच अंगावर दुमडून, काचेला जवळजवळ टेकवून हळूहळू ओढावी. उसाचे पाचट ओढल्यासारखी सर्रकन ओढू नये. थंडीच्या सकाळी हे काम करूच नये. आणि घाई म्हणून कोणी काचेवर उकळते पाणी ओततात, काच तडकते. वेल्डिंगवाल्याची ज्योत दाखवणाऱ्यांना तर काय म्हणावे!

काळ्या फिल्मबद्दल एक गोष्ट ओघाने सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काळ्या फिल्मवर बंदीचा निकाल दिला, तेव्हा गावोगाव लोकांनी फिल्म ओरबाडून काढल्या आणि डिंकाच्या काचा घेऊन फिरू लागले. पुढे फिल्मच्या नियमात बदल झाले तरी ७० आणि ५० टक्क्यांची अट कायम आहे, आणि बाजारात मिळणारी गडद काळी फिल्म त्यात बसत नाही. ज्यांच्या बोलेरोला अजून ती आहे त्यांनी ती काढावी, पण काढताना डिंकासकट काढावी.

आता काच. काच कठीण असते, म्हणून तिच्यावर जरा जोर चालतो. साबणाचे कोमट पाणी डिंकावर भरपूर मारावे, वर स्वच्छ प्लास्टिकचा कागद चिकटवून गाडी तासभर उन्हात ठेवावी. पाणी डिंक विरघळवत नाही हे खरे, पण ऊब आणि ओल मिळून तो फुगतो आणि काचेवरची पकड सोडतो. मग कोरे ब्लेड धारकात बसवून, काचेला जवळजवळ निजवून पुढे ढकलावे. फक्त पुढे. मागे ओढले की धारेखाली अडकलेला वाळूचा कण काचेवर रेघ मारतो आणि ती रेघ जन्मभर राहते. काच सतत ओली ठेवावी, कोरड्या काचेवर ब्लेड लावू नये. धार बोथट झाली की ब्लेड बदलावे, दोन-चार रुपयांसाठी काच खराब करू नये. भांडी घासायची तारेची घासणी, राख, विटकरीची भुकटी या वस्तू गाडीपासून लांब ठेवाव्यात.

मागच्या काचेवर आडव्या तांबूस रेघा असतील तर थांबा. त्या काच गरम करून दव घालवणाऱ्या तारा आहेत, काचेच्या आतल्या बाजूला भाजून बसवलेल्या. ब्लेड लागले की तार तुटली. तिथे फक्त तेल आणि मऊ फडके वापरावे, आणि रेघांच्या दिशेनेच पुसावे. वेळ लागतो, इलाज नाही.

आतून काम करताना डॅशबोर्डवर जुना टॉवेल अंथरावा. औषध ओघळून प्लास्टिकवर गेले तर पांढरे डाग पडतात. काचेच्या कडेच्या रबरालाही ते लागू देऊ नये.

रंगाची गोष्ट नाजूक आहे. इथे ब्लेड नाही म्हणजे नाही. आणि इथे आमची स्वतःची फजितीही सांगून टाकतो. आम्ही जुनी गाडी घेतली, तिच्या दारावर आधीच्या मालकाने वाघाचे चित्र चिकटवले होते. चित्र निघाले, डिंक राहिला. गॅरेजमधून वाटीभर थिनर आणला आणि फडक्याने चोळला. डिंक गेला, आणि फडका निळा झाला. गाडीचा रंग निळा होता! ते दार पूर्वी कधीतरी गॅरेजमध्ये रंगवलेले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. कंपनीतून आलेला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, तो थोडे सोसतो. गॅरेजमध्ये मारलेला आणि ट्रॉलीला ब्रशाने लावलेला रंग थिनरपुढे टिकत नाही. नखांचे पॉलिश काढायचे औषधही त्याच जातीचे, तेही नको.

रंगावर पहिला मान साध्या खाण्याच्या तेलाचा. शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, घरात असेल ते. कापसाचा बोळा तेलात बुडवून डिंकावर ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटे त्याला हात लावू नये. हीच मिनिटे लोकांना निघत नाहीत. लगेच चोळायला लागतात आणि मग तेलाचा उपयोग नाही म्हणतात. तेल मुरले की अंगठ्याने किंवा जुन्या बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने रेटावे. डिंकाच्या शेवयांसारख्या वळ्या निघतात. उरलेल्यावर पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. दोन-तीन वेळा करावे लागते.

तेलाला न बधणारा हट्टी डिंक असेल तर रॉकेल किंवा हार्डवेअरच्या दुकानातले टर्पेंटाइन चालते, पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात, दाराच्या आतल्या कडेला वगैरे, थोडे लावून पाहावे. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबावे. नाही लागला तर ओल्या फडक्याने थोडे थोडे पुसून लगेच साबणाने धुवावे. पेट्रोल मात्र वापरू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि दहा पावलांवरच्या विडीने पेट घेऊ शकते. रॉकेल-टर्पेंटाइनचे कामही उघड्यावर, दारे उघडी ठेवून, विडी-काडी लांब ठेवून करावे. भिजलेली फडकी गोठ्यात कडब्याजवळ टाकू नयेत.

एक फसवी गोष्ट आहे. स्टिकर काढल्यावर कधी कधी त्याचा गडद आकार तसाच दिसत राहतो. लोक त्याला डिंक समजून घासत बसतात. ओल्या बोटाने चाचपून पाहावे. बोट अडखळले तर डिंक, सरळ घसरले तर तो मूळ रंग आहे. भोवतालचा रंग उन्हाने विटला आणि स्टिकरखालचा विटला नाही, एवढेच. तो घासून जात नाही.

डिंक गेला की तेल राहते, आणि ट्रॉलीच्या बाबतीत खरी चूक इथेच होते. तेलकट पाठीवर लावलेली पट्टी आठ दिवस टिकत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवावे, वाळू द्यावे, आणि शेवटी स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. औषधांच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. हाताला लावायचे सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असते, ते परत थर सोडते. आणि हो, "आपल्याच डिस्टिलरीतले द्या की थोडे" अशी मागणी दोन-तीन सभासदांनी आमच्याकडे केली आहे. तिथला थेंबन् थेंब एक्साइजच्या हिशेबात असतो, मंडळी. आमची नोकरी राहू द्या.

जुन्या डिंकावर नवी पट्टी का धरत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्वारीवर मावा पडला की पानावर चिकटा येतो, त्यावर धूळ आणि काजळी बसते. ट्रॉलीच्या पाठीवर तेच होते. डिंकावर रस्त्याची धूळ, पाचटाचा भुगा आणि ग्रीस यांचा थर बसतो, आणि नवी पट्टी ट्रॉलीला न चिकटता त्या थराला चिकटते. थर सुटला की पट्टी गेली. रंगाचे पोपडे सुटले असतील तिथेही तसेच. तिथे तारेच्या ब्रशाने गंज काढून प्रायमर आणि रंग द्यावा, पण ताज्या तैलरंगावर लगेच पट्टी लावू नये. रंग आठवडाभर वाळू द्यावा.

रेडियम नुसते नाव आहे, त्या पट्टीत रेडियम नसते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात, ते दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकतात. ट्रॉलीला स्वतःचा दिवा नसला, ट्रॅक्टरची बॅटरी उतरली, तरी मागून येणाऱ्याला ती दिसते ते यामुळे. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, हा क्रम बदलू नये. पट्टीवर रंगाचा ब्रश फिरवू नये. भरलेल्या ट्रॉलीतून मागे लोंबणारी वाढी पट्टी झाकतात, ती तोडणीवाल्यांकडून फडातच छाटून घ्यावीत. चिखल झाला तर यार्डात नंबर येईपर्यंत ओल्या फडक्याने पट्टी पुसून घ्यायला वेळ भरपूर असतो.

या वर्षी पट्ट्या लावायला येणाऱ्या माणसाला आम्ही सांगून ठेवले आहे की पाठीवर जुना डिंक असेल तर पट्टी लावू नकोस, ट्रॉली परत पाठव. काहींना राग येईल. म्हणून दसऱ्याच्या आत ट्रॉलीची पाठ आणि दोन्ही बाजू साफ करून ठेवाव्यात. पट्टी दुपारी, पत्रा कोमट असताना लावून घ्यावी, मधून कडेकडे अंगठ्याने दाबत न्यावी, म्हणजे हवा राहत नाही. डिंकाची पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात. तोवर ट्रॉली जोराच्या पाण्याने धुऊ नये.