गाणे शिकणे आणि गाण्याचे संशोधन

अनगोळसारख्या बेळगावच्या उपनगरात शास्त्रीय गायन शिकणाऱ्याची वाट बहुधा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतून ‘विशारद’पर्यंत जाते, गवई किंवा शिक्षक होण्याव्यतिरिक्त संगीताचे संशोधनही करता येते, हे मात्र त्याच्या कानावर क्वचितच पडते. विशारद, अलंकार किंवा गायनातील एम. ए. यांचा भर मुख्यतः सादरीकरणावर असतो, तर संगीतशास्त्रात राग, ताल, स्वरलेखन, ग्रंथ आणि इतिहास यांची चिकित्सा होते. एखादा समाज कधी, कोणासाठी आणि कोणाच्या अधिकाराने गातो, याचा प्रत्यक्ष त्या समाजात राहून केलेला अभ्यास म्हणजे संस्कृतिसंगीतशास्त्र, ज्याला ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हे नाव याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने 1950 मध्ये रूढ केले.

नाव नवे असले तरी फिरून माहिती गोळा करण्याची पद्धत मराठी माणसाला परकी नाही. व्यवसायाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात मराठीतच लिहिला. त्यांच्या दहा थाटांच्या व्यवस्थेवर आजही वाद होतो, आणि तो व्हावा हेच शास्त्राच्या प्रकृतीला धरून आहे. पुढे अशोक दा. रानडे (1937–2011) यांनी शास्त्रीय, लोक आणि नाट्यसंगीत यांचा एकत्र विचार केला.

सीमाभागात अशा अभ्यासाला विषयांची वाण नाही. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे आणि कुमार गंधर्व सुळेभावीचे, हे सर्वज्ञात आहे. परंतु संशोधकाला खरे काम सापडेल ते सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर. तेथे या देवीला वाहिलेल्या जोगती-जोगतिणींच्या हाती असलेल्या चौंडक्याच्या नळकांड्याला एका तोंडाशी कातडे असते, त्यातून निघालेली तार बाजूच्या काठीला ताणलेली असते आणि ती छेडली की स्वर व ठेका दोन्ही एकाच वाद्यातून निघतात. ही तार गाणाऱ्याच्या स्वराशी कितपत जुळवली जाते, मराठीतले गाणे कोठे कानडीत वळते, वाद्य हाती घेण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात बसून मिळत नाहीत. शिवाय देवदासी समर्पणावर कर्नाटकात 1982 च्या कायद्यापासून बंदी असल्यामुळे, गाणारीची संमती घेणे आणि तिची ओळख सांभाळणे हा येथे संशोधनाचाच भाग ठरतो. दोन्ही भाषा घरादारात ऐकत वाढलेल्या अनगोळच्या विद्यार्थ्याचे पारडे या कामी बाहेरून येणाऱ्या पंडितापेक्षा जड आहे, मग त्या पंडिताची पदवी कितीही मोठी असो.

पदव्युत्तर शिक्षणासाठी धारवाड आणि कोल्हापूर येथील विद्यापीठे जवळची आहेत, पीएच.डी.ला नेट अथवा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा लागते, आणि विषय ठरवण्याआधी त्या विषयाचा मार्गदर्शक तेथे आहे का, हे पाहणे पदवीच्या नावापेक्षा महत्त्वाचे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात किंवा लंडनच्या सोआसमध्ये जाऊ इच्छिणाऱ्याने लेखनाचा नमुना आणि संशोधनाचा नेमका प्रश्न आधी तयार ठेवावा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे 1982 मध्ये पुण्यात सुरू झालेले आणि आता गुरुग्राममध्ये असलेले ध्वनिसंग्रहालय संशोधकांची ध्वनिमुद्रणे जतन करते. तेथील जुनी मुद्रणे ऐकून मगच सौंदत्तीची यात्रा गाठलेली बरी.