मुलांची वेळ, कचेरीची वेळ

सकाळी साडेसहा. ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावर नाशिक महामार्गाने आलेल्या गाड्या घोडबंदरकडे वळतायत. सकाळच्या सत्राची मुलं याच गर्दीतून शाळेला जातात. आमच्या गटातल्या दोन मुली वही घेऊन कडेला उभ्या आहेत. पाचवीतली एक मुलगी धाकट्या भावाचा हात धरून निघते आणि अर्ध्या रस्त्यात असतानाच सिग्नल सुटतो. वहीत नोंद होते : ‘पोरगं घेऊन चालणाऱ्याला वेळ पुरत नाही.’ हे वाक्य मी सुचवलेलं नाही. वस्तीतल्या मुलांबरोबर काम करताना मी एक पथ्य पाळते, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत राहू द्यायचं.

नऊ वाजता वस्तीत. दुपारच्या सत्राच्या मुलांचे डबे भरून होतायत, त्यामुळे आयांशी उंबऱ्यातच दोन शब्द.

साडेदहा वाजता प्रभाग कार्यालय. रस्ता ओलांडण्याबद्दलचा अर्ज मुलांनी लिहिलाय, पण तो कोणाला द्यायचा यावर काल संध्याकाळी बराच वाद झाला. सेवा रस्त्याचा फुटपाथ महापालिकेचा, सिग्नल वाहतूक पोलिसांचा, डोक्यावरच्या मेट्रो 4 चं काम एमएमआरडीएचं. ओलांडणाऱ्या मुलीला रस्ता एकच दिसतो. शेवटी तीन प्रती काढल्या. टपाल खिडकीवर एक प्रत दिली, शिक्का मारून पोच घेतली. पोच मुलांना दाखवावीच लागते, नाहीतर अर्ज खरंच पोहोचला का, असं विचारतात. आणि विचारावंच त्यांनी.

आत अभियंता भेटतात, अर्ज नीट वाचतात. “ताई, मुलांनाच घेऊन या ना. त्यांच्या तोंडून ऐकायला बरं.” वेळ विचारली तर म्हणतात, दुपारी बारानंतर कधीही. माणूस मनापासून बोलावतोय, यात शंका नाही. पण बारा वाजता सकाळची मुलं वर्गात असतात, ती सुटतात तोवर दुपारची आत गेलेली असतात. सगळी मोकळी होतात ती सहाच्या सुमाराला, आणि तेव्हा कचेरी बंद होत असते.

एक वाजता जेवण, मग टिपणं. भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकलं पाहिजे, आणि वय व समज पाहून त्याला वजन दिलं पाहिजे. त्याच डिसेंबरात संसदेने 74 वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. एकाच महिन्यातल्या या दोन गोष्टींची गाठ अजून कोणी घातलेली नाही. शेजारच्या कर्नाटकात 2006 पासून गावोगावी मुलांच्या ग्रामसभा भरवायचा सरकारी आदेश आहे. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांना जागा आहे, पण ती शाळेच्या फाटकापर्यंत. फाटकाबाहेरच्या खड्ड्याबद्दल मूल कुठे बोलणार? त्यात मार्च 2022 ते जानेवारी 2026 ठाण्यात प्रशासकाचा कारभार होता. सातवीतली मुलं अकरावीला पोहोचली, तोवर ज्याच्याकडे जावं असा नगरसेवकच नव्हता.

सहा वाजता अभ्यासिका भरते. दिवसातला माझा सगळ्यात आवडता तास. आज यादी लावायचीय : आधी काय मागायचं? मुलगे म्हणतात मैदानावर दिवे. मुली म्हणतात दिवे लागले तरी आम्ही येणार नाही, तिथे शौचालय नाही. एक मुलगा म्हणतो, “पण तुम्ही खेळायला येतच नाही.” नववीतली मुलगी शांतपणे विचारते, “का येत नाही, ते कधी विचारलंस?” मग बराच वेळ कोणी मागणीबद्दल बोललंच नाही, कोणत्या गल्लीतून जायला कुणाला भीती वाटते तेच सांगत राहिले. फळ्यावर वस्तीचा नकाशा निघाला. बंद पथदिवा, दारूच्या गुत्त्याचं वळण, भटकी कुत्री, सिग्नल, सगळं त्यावर आलं. सर्वेक्षणाला बाहेरून आलेल्याला हा नकाशा मिळाला नसता. शेवटी शौचालय पहिलं, दिवे दुसरे. मुलग्यांनीही हात वर केले.

“ताई, आम्हाला मत नाही. मग ऐकतील?” एकाने विचारलं. मी सांगितलं की पैसा कुठे जायचा ते अर्थसंकल्पात ठरतं, आयुक्त तो उन्हाळ्याआधी मांडतात, म्हणून आपली यादी दिवाळीच्या आत पोहोचली पाहिजे. पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामं अर्थसंकल्पासाठी सुचवतात. तसा अर्ज भरणं सातवीतल्या मुलालाही जमेल.

आठ वाजता मुलं घरी जातात. मी उद्याचं पत्र लिहायला घेते. मागणी दोनच ओळींची आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयाने महिन्यातून एक संध्याकाळ, सहा ते सात, मुलांसाठी ठेवावी. आणि मुलं जे सांगतील त्याचं लेखी उत्तर, होकार असो वा नकार, कारणासह पुढच्या भेटीत त्यांच्याच हातात द्यावं. याला नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. तुमच्या प्रभागातही ही मागणी करा, आणि अर्जावर पहिली सही मुलांची घ्या.